व्यसनावरचा उपचार: कुणाला किती, कुठे आणि कधीपर्यंत

"त्याला महिनाभर कुठेतरी ठेवायचंय, चांगली जागा असली तर सांगा." दारूने गांजलेल्या घरातून पहिली मागणी येते ती बहुधा अशी. लालबाग-परळची चाळ असो, गिरगावातली वाडी असो नाहीतर दादरचा ब्लॉक, शब्द थोडेफार बदलतात इतकंच. तिच्यामागचा थकवा खरा असतो. पगाराच्या दिवशी जिन्यात वाट बघत बसलेली बायको, पोराच्या परीक्षेच्या आदल्या रात्री झालेला तमाशा, पतपेढीचे थकलेले हप्ते, हे सगळं सोसलेल्या घराला महिनाभराची शांतता हवीशी वाटणारच.

पण या मागणीत उपचार म्हणजे एक जागा, हे आधीच ठरून गेलेलं असतं. जागेच्या आधी ठरायला हवी ती मात्रा. ताप आलेल्या प्रत्येकाला आपण अतिदक्षता विभागात नेत नाही आणि न्यूमोनिया झालेल्याला नुसती गोळी देऊन घरी झोपवत नाही. व्यसनाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे दोनच टोकं दिसतात: एक तर काहीच नाही, नाहीतर एकदम 'ठेवणं'. २०१९ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत हे 'काहीच नाही' किती मोठं आहे ते दिसलं. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता आणि दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांमागे एक होता.

या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. अमेरिकेतल्या व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने त्यांची पद्धतशीर मांडणी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तिची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली. पहिली पायरी म्हणजे ठरल्या दिवशी ओपीडीत जाऊन डॉक्टरांना आणि समुपदेशकाला भेटणं. त्यावरची पायरी आठवड्याला नऊ तास किंवा त्याहून जास्त उपचार, पण रात्री झोपायला घरी. त्यावर निवासी केंद्र. सगळ्यात वर रुग्णालयातला वॉर्ड, जिथे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स असतात. कुठली पायरी कुणाला, हे ठरवायला ते रुग्णाकडे अनेक बाजूंनी बघतात: दारू बंद केल्यावर काय होईल, शरीराचे दुसरे आजार कोणते, मनाची अवस्था कशी, सोडायची तयारी किती, पुन्हा सुरू होण्याचा धोका किती आणि तो राहतो ती जागा, तिथली माणसं कशी. मला यातली शेवटची बाजू मुंबईसाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर 'घरी राहून उपचार' या शब्दांचा अर्थच वेगळा होतो.

समजा, लालबागच्या चाळीतला पंचेचाळिशीचा एक माणूस आहे. रोज संध्याकाळी क्वार्टर, गेल्या दोन वर्षांत सकाळीही थोडी, कारण त्याशिवाय हात थांबत नाहीत. श्रावण लागला की तो सोडतो. गटारीला पोटभर पितो आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. घरचे म्हणतात, महिनाभर सोडता येते म्हणजे मनावर आहे, आजार कसला? गेली काही वर्षं त्याने श्रावण पाळलाही. पण पिणं जसं वाढत गेलं तसं त्याचं शरीर बदलत गेलं आणि या वर्षी तिसऱ्या दिवशी तो रात्री उठून भिंतीवरचे किडे झटकायला लागतो.

दारू मेंदूला वर्षानुवर्षं दाबून ठेवते. तोल राखण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की दाब जातो आणि उत्तेजना तशीच राहते. पहिल्या दिवसात कंप, घाम, मळमळ, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, ठिकाण-वेळ कळेनासं होतं, ताप चढतो, नाडी धावते. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. पाय मोडला म्हणून ऑर्थोपेडिकच्या वॉर्डात दाखल झालेला शांत माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळायला लागतो, तेव्हा कित्येकदा कारण हेच असतं; आपण रोज पितो हे त्याने किंवा घरच्यांनी लाजेपोटी सांगितलेलं नसतं. श्रावण, माळ, नवस यांतून मिळणाऱ्या बळाचं मोल मी कमी करत नाही. ते बळ पुढे फार कामी येतं. पण ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याने सोडायचा दिवस पंचांग बघून न ठरवता डॉक्टरांना विचारून ठरवावा.

आता त्याला दाखल करायचं की गोळ्या देऊन घरी पाठवायचं? हा निर्णय जवळून पाहण्यासारखा असतो. डॉक्टर किंवा नर्स त्याला दोन्ही हात समोर धरायला आणि बोटं पसरायला सांगतात. कंप दिसत नसेल तर आपल्या बोटांची टोकं त्याच्या बोटांच्या टोकांना लावून बघतात. डोळ्यांना न दिसणारा बारीक कंप तिथे लागतो आणि त्याला एक गुण. हात पसरल्यावर स्पष्ट दिसला तर चार, हात न पसरताही जोराचा असला तर सात. मग प्रश्न. अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं का? आवाज नेहमीपेक्षा कर्कश लागतात का? उजेड खुपतो का? आज तारीख कोणती, आपण कुठे आहोत? अशा दहा गोष्टींचे मिळून जास्तीत जास्त ६७ गुण होतात. आठ-दहाच्या आत असले तर त्रास सौम्य, पंधराच्या वर गेले तर गंभीर. दर काही तासांनी पुन्हा मोजायचं आणि त्याप्रमाणे औषध कमी-जास्त करायचं.

गुण कमी असले तरी काही गोष्टी तराजू दुसरीकडे झुकवतात. पूर्वी कधी फिट आली होती का, भ्रम झाला होता का? कावीळ, हृदयविकार, बेताल मधुमेह? झोपेच्या गोळ्यांचीही सवय? जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार? आणि दिवसभर घरी कोण असतं? बायको सकाळी आठला कामाला जाते, सासू ऐंशीची, मुलं शाळेत, तर सौम्य त्रासही घरी सांभाळणं धोक्याचं. याउलट दाराशी सतत कुणी ना कुणी असणारी चाळ, रोज संध्याकाळी डोकावणारा भाऊ, चालत जाता येईल इतक्या अंतरावर रुग्णालय, असं असेल तर घरच्या घरी, ठरलेल्या गोळ्या रोज उतरत्या क्रमाने देऊन, आठवड्याभरात शरीर दारूमुक्त करता येतं. परळ या बाबतीत भाग्यवान आहे. १९२६ पासूनचं केईएम तिथे आहे आणि त्याच्या मानसोपचार विभागात व्यसनमुक्तीचं कामही चालतं. नायर, जेजे आणि सायन या रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. अशक्त झालेल्या पिणाऱ्याला घरचे गल्लीतल्या दवाखान्यात नेतात आणि म्हणतात, "डॉक्टर, एक सलाईन लावा." बरीच वर्षं जास्त पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा तुटवडा असतो. ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं बी-१ खर्ची पडून मेंदूला इजा होऊ शकते: चाल अडखळते, डोळ्यांची हालचाल बिघडते, स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून आधी बी-१ चं इंजेक्शन, मग ग्लुकोज. डॉक्टरांना "हे रोज पितात" एवढं स्पष्ट सांगितलं तरी एक मोठं संकट टळतं.

वॉर्डातले पाच-सात दिवस संपले की माणूस स्वच्छ दिसतो, जेवतो, चेहऱ्यावर तेज येतं, आणि घरचे समजतात की झालं. खरं तर तोवर फक्त शरीर मोकळं झालेलं असतं. दारूची ओढ, दारूभोवती बांधलेला दिवस, मित्र, राग, लाज, यांपैकी कशालाही अजून हात लागलेला नसतो. निवासी केंद्राचं काम तिथून पुढचं.

महाराष्ट्रात या पायरीचं नाव निघालं की मुक्तांगण आठवतं. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे आपला 'गर्द', मुंबई-पुण्यात पसरला तेव्हा अनिल अवचटांनी त्या मुलांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण उभं केलं. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा. त्यात समुपदेशन, गटचर्चा, व्यायाम, कामं वाटून घेणं आणि पुढच्या पाठपुराव्याची तयारी. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं. तिथे योगाला मोठं स्थान आहे. ज्याला घरी राहून थांबता येत नाही, ज्याचं घरच पिण्याच्या अड्ड्याला लागून आहे, ओपीडीचे प्रयत्न करूनही जो पुन्हा पुन्हा घसरतो, त्याला असा काळ फार उपयोगी पडतो. पण तिथे जाण्यापूर्वी दारू थांबल्यावर होणारा त्रास कोण सांभाळणार, तिथे डॉक्टर रोज असतात का, हे विचारून घ्यावं. फिटचा इतिहास असलेल्याला आधी रुग्णालय, मग केंद्र.

जोरजबरदस्तीने उचलून नेणाऱ्या जागांबद्दलही लिहायला हवं. घरच्यांनी फोन केला की चार माणसं येतात, झोपेतल्या माणसाला गाडीत घालतात आणि कुठेतरी लांब नेऊन ठेवतात, हे घडतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत बसतात. म्हणून दाखल करण्याचे नियम इथेही लागू होतात. सज्ञान माणसाने स्वतःच्या इच्छेने दाखल होणं हा पहिला मार्ग. त्याची स्थिती फारच गंभीर असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. साखळीने बांधणं कुठल्याही स्वरूपात मना आहे. संस्था नोंदणीकृत हवी. ज्या केंद्रात महिनाभर नातेवाइकांना भेटू देत नाहीत, नोंदणीचा कागद दाखवत नाहीत आणि डॉक्टरांचं नाव सांगत नाहीत, तिथे आपलं माणूस सोडून येऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो.

ओपीडी आणि निवासी केंद्र यांच्यामधली पायरी, म्हणजे दिवसा उपचार आणि रात्री घर, आपल्याकडे सगळ्यात विरळ आहे. मला ही फार मोठी उणीव वाटते. मुंबईत महिनाभर रजा म्हणजे अनेकांसाठी नोकरीवर पाणी. सुटीच्या दिवशी आणि कामानंतरच्या संध्याकाळी आठवड्याला नऊ-दहा तास देणारा कार्यक्रम दादर-परळसारख्या, दोन्ही रेल्वेमार्गांवरून येता येईल अशा ठिकाणी असेल, तर निवासी केंद्रात जाणारे कितीतरी जण घरी राहून सावरतील. आज ती जागा बऱ्याच अंशी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका भरून काढतात. शाळेच्या नाहीतर चर्चच्या खोलीत संध्याकाळी तास-दीड तास, पैसे नाहीत, अट एकच: पिणं थांबवायची इच्छा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी सुरू झालेली ही चळवळ औषध देत नाही, तिचा तो दावाही नाही. पण पगाराच्या संध्याकाळी सात वाजता जायला जागा मिळणं, हे मुंबईच्या माणसासाठी केवढं काम करतं ते तिथे जाणाऱ्यांना विचारावं.

ओपीडीतली औषधंही लोकांना कमी माहीत असतात. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि ओढ उतरते, अकॅम्प्रोसेटने सोडल्यानंतरची बेचैनी कमी होते. डायसल्फिरामची गोष्ट वेगळी: ती गोळी चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब घसरतो, कधी जिवावर बेततं. म्हणून ती रुग्णाच्या माहितीने, त्याच्या सहीने आणि तपासण्या करूनच द्यायची असते. लोकलच्या डब्यात 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी पत्रकं चिकटवलेली असतात. अशा पुडीत काय आहे हे घरच्यांना माहीत नसतं आणि पिणाऱ्याला तर पुडीचाच पत्ता नसतो. चहातून काहीही देऊ नये.

सगळ्यांना वरच्या पायरीवर चढवलं तर बरं, असं कुणाला वाटेल. गर्दचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. गर्द बंद केल्यावर अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, नाकाडोळ्यांतून पाणी. यातना फार, पण एरवी धडधाकट माणसाचा त्यात सहसा जीव जात नाही. धोका असतो तो पुढे. महिनाभर आत राहिल्याने शरीराची सोसण्याची ताकद उतरते. बाहेर आल्यावर एका कमकुवत क्षणी तो पूर्वीइतकाच डोस घेतो, श्वास मंदावतो आणि थांबतो. म्हणून इथे बुप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी, रोज, देखरेखीखाली, महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं, हा खालच्या पायरीवरचा उपचार जीव वाचवतो. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्थांनी रस्त्यावर राहणाऱ्या, सुईने नशा करणाऱ्या माणसांसाठी हे काम केलं. नातेवाईक म्हणतात, एक सोडून दुसरं लागलं. पण त्या गोळीवर माणूस कामावर जातो, सुई सुटते, एचआयव्हीचा धोका कमी होतो. पोलिसांच्या भीतीने न येणाऱ्यांसाठी १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यात कलम ६४ अ आहे: अल्प प्रमाण किंवा सेवनाच्या प्रकरणात जो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं.

तंबाखू आणि मिश्रीला बहुतेक वेळा फोनही पुरतो. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन आहे, आणि परळचं टाटा रुग्णालय तंबाखू सोडवण्याचं काम अनेक वर्षं करत आलं आहे.

आता आपल्या लालबागच्या माणसाकडे. वॉर्ड झाला, नोकरीमुळे निवासी केंद्र जमत नाही, तो घरी येणार आहे. नियोजन म्हणतात ते इथे. चांगला समुपदेशक 'इच्छाशक्ती ठेवा' म्हणून सोडून देत नाही. तो कागद घेतो आणि विचारतो: करी रोडला उतरून घरी येताना कुठला बार लागतो? पुलाच्या दुसऱ्या बाजूने येता येईल का? पगार कुणाच्या खात्यात जमा होईल? गोळी सकाळी कोण देणार, बायको की थोरली मुलगी? (मुलीवर ही जबाबदारी टाकू नये, हे बहुतेक वेळा सांगावं लागतं.) झोप लागली नाही तर रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं? आणि गणपतीचं काय? मंडळाचं काम, रात्र रात्र जागरण, विसर्जनाची मिरवणूक, यांतून त्याला पूर्ण बाहेर काढलं तर तो एकटा पडेल. आत ठेवलं तर मंडपामागे बाटली आहेच. मग दिवसाच्या रांगेची ड्युटी, रात्री दहाला घरी, बरोबर न पिणारा एक कार्यकर्ता, असं नावानिशी ठरतं. कोकणात गावी जाणार असेल तर दहा-बारा दिवसांच्या गोळ्या बरोबर हव्यात आणि रात्रीच्या भजनानंतर ग्लास पुढे आला तर काय म्हणायचं, ते वाक्य आधीच तोंडात बसलेलं हवं.

एवढं करूनही तो घसरू शकतो. २००० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात टॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की व्यसन पुन्हा उफाळणं हे रक्तदाब, दमा, मधुमेह यांसारख्या दीर्घ आजारांच्या उफाळण्याशी मिळतंजुळतं आहे. रक्तदाब वाढला की आपण गोळी बदलतो, रुग्णाला हाकलून देत नाही. इथेही घसरण म्हणजे पायरी बदलायची वेळ. महिन्याची भेट असेल तर आठवड्याची करा. ओपीडी पुरत नसेल तर निवासी केंद्र बघा. आणि पुन्हा रोज पिणं सुरू झालं असेल तर पुन्हा एकाएकी बंद न करता आधी हात तपासून घ्या.

राहता राहिला तो, जो येतच नाही. "मला काही झालेलं नाही, तूच जा वेड्यांच्या डॉक्टरकडे," असं ऐकून घरोघरी विषय संपतो. तो संपू नये, कारण बायकोने किंवा आईने एकटीने जाणं हीसुद्धा उपचाराची पायरी आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार नाकारणाऱ्या १३० पिणाऱ्यांच्या घरच्यांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मदत केली गेली. एका गटाला शिकवलं होतं की तो प्यायलेला नसताना त्याच्याशी कसं वागायचं, प्यायलेला असताना वाद न घालता बाजूला कसं व्हायचं, त्याच्या पिण्याचे परिणाम आपण निस्तरायचे कधी थांबवायचे, मार होत असेल तर स्वतःला कसं वाचवायचं आणि 'डॉक्टरकडे जाऊ या' हे कोणत्या वेळी म्हणायचं. या गटातले ६४ टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून त्याला घेरून सुनावण्याच्या पद्धतीत ३० टक्के आले. मुक्तांगणचा 'सहचरी' गट पत्नींसाठी आहे, अल-अॅनॉनच्या बैठका घरच्यांसाठी असतात. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६ या दोन्हींवर पिणाऱ्याऐवजी घरच्यांनीही फोन करावा. ओपीडीत जाताना तो रोज किती आणि कधीपासून पितो, सकाळी लागते का, कधी फिट आली का, कावीळ झाली होती का, दुसरं काही घेतो का, याआधी कुठे काय उपचार झाले आणि तेव्हा किती दिवस टिकलं, एवढं कागदावर लिहून न्यावं. तो बरोबर नसला तरी डॉक्टरांना कोणत्या पायरीपासून सुरुवात करायची याचा अंदाज त्या कागदावरून येतो.